बापाचा नंबर

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तरी कुणाकडून काही वाचून घ्यायला मी कधी गेलो नाही. त्या दुपारीही गेलो नाही, आणि त्याची भीती अजून अंगातून उतरलेली नाही.

नात शहाद्याला कॉम्प्युटर शिकते. जात पडताळणी झाली नाही तर तिची कॉलेजातली जागा जाणार होती. अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा, सोबत वंशावळ. उन्हाळाभर ती भाऊबंदांच्या घरोघर फिरली आणि सगळी माणसं लॅपटॉपात भरली. मला समजावून सांगितलं की एका माणसाला एक ओळ असते. ओळीत त्याचा नंबर, नाव आणि त्याच्या बापाचा नंबर. त्या नंबरावरून झाड आपोआप उभं राहतं.

झाड पाहिलं तर माझ्या डोक्यावर माझा बाप. मी चार वर्षांचा असताना आईला टाकून त्यानं गुजरातेत दुसरा पाट लावला. मला आजानं, त्याच्याच बापानं, वाढवलं. मी म्हणालो,

"मन्हा बाप नही तो. मन्हा आजाले मन्हा बाप लिख."

माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच नाव आहे, बदललं तर अर्ज फेटाळतील, असं ती म्हणाली आणि गाईला पाणी पाजायला मागच्या दारी गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरतात. बापाची घागर मी एकदाही भरली नाही. तेवढी एक राहिली म्हणून बाकीच्यांचं काही अडलं नाही. इथंही तसंच असेल असं वाटलं. ओळ काढायची खूण तिच्या हाताकडे पाहून मला ठाऊक होती. बापाच्या ओळीवर मी ती दाबली. पडद्यावर दोन ओळींचा मजकूर आला, खाली 'हो' आणि 'नाही'. चष्मा खुंटीवर होता. मजकूर सोडला, 'हो' दाबलं.

बाप गेला. त्याच्याखाली मी नव्हतो. माझी दोन्ही मुलं नव्हती, नात नव्हती. चुलत्याची फांदी मात्र भरल्या शेतासारखी उभी. मेल्यावर असंच दिसत असेल, असं मनात आलं.

ती आली, पडदा पाहिला आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आबा, त्यान्हा खाले आपलं सगळं घर व्हतं. आते मी कोनी नात शे, ते कसं दखाडू?"

ती कुणाची नात हे दाखवणारी दुसरी प्रत नव्हती. मी म्हटलं, मला पहिला टाक, माझी माणसं मला तोंडपाठ आहेत. तिनं माझं नाव लिहिलं, पण बापाच्या नंबराचा खाना रिकामा ठेवून ओळ पुढं सरकेना. आजाचा नंबर टाक म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या हाताकडे लक्ष गेलं. हातात उद्या द्यायचा अर्ज होता.

बापाची ओळ पुन्हा घालायची तर त्याचं नाव हवं, आणि सहा दशकं मी ते तोंडावाटे काढलेलं नव्हतं. काढलं. आवाज इतका खोल गेला की तिला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं, दार उघडं असताना.

मग ती एकेक जण विचारत गेली. धाकट्या मुलाचं जन्मसाल मला आठवेना.