आठवड्याची गोळी

धायरीच्या त्या सोसायटीत जिन्यापासून नळापर्यंत जेवढ्या पाट्या आहेत, त्या सगळ्या दिगंबर अभ्यंकरांच्या हातच्या. ‘सूचना नीट वाचाव्यात, उगाच विचारू नये’ ही त्यांची सगळ्यात आवडती. निवृत्त हेडक्लार्क, आपलं तेच खरं.

सांधेदुखीवर डॉक्टरांनी त्यांना एक गोळी दिली, आठवड्यातून एकदा घ्यायची. दिगंबररावांना हा डॉक्टरांचा शुद्ध आळस वाटला. दुखणं रोजचं आणि गोळी रविवारची? त्यांनी ती रोज चहाबरोबर सुरू केली.

पंधरा दिवसांत तोंड आलं, तेव्हा त्यांनी मंडईतल्या मिरच्यांना नावं ठेवली. घसा दुखून ताप भरला, तो हवेवर ढकलला. शेवटी बायकोनं, हेमाताईंनी, धरून रक्त तपासायला नेलं. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात, निघाल्या अकराशे.

“रोज घेतलीत?” डॉक्टर उडालेच. “अहो, त्या गोळीनंच पेशी घटल्यात. आता साधा संसर्गही जिवावर बेतेल. पाकिटावर ठळक लिहिलंय की!”

आठ दिवस हॉस्पिटलात पडून दिगंबरराव स्वतःलाच हसत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर रक्तच रिकामं! चाळीस वर्षं लोकांच्या अर्जांवर ‘सूचना वाचल्या नाहीत’ असा शेरा मारणारा हाच तो विद्वान.

घरी येताच त्यांनी जिन्यातली आवडती पाटी उतरवून औषधांच्या कपाटावर ठोकली. ‘उगाच विचारू नये’ खोडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वाचूनही हेमाला विचारावे.’