डोळे मीट, बोट ठेव

"डोळे मीट. कापूस लागला की तिथे बोट ठेव."

डॉक्टरांनी सांगितलं आणि मी डोळे मिटले. शाळेचा व्हरांडा होता. मी चौथीत होते. बाईंनी माझ्या फ्रॉकची मागची बटणं काढून तो खांद्यावरून खाली ओढला होता, आणि अख्खा वर्ग रांगेत उभा राहून बघत होता. माझ्या उजव्या खांद्यामागे एक फिकट चट्टा होता म्हणे. मला तो माहीतच नव्हता. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

मी वाट पाहत राहिले. कापूस काही लागेना. सांगितलेलं चोख करणारी पोरगी होते मी, बोट तयार ठेवून उभी. मग कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. मग सगळी रांग.

"अबे, केव्हाचे लावून राहिले, तिले समजूनच नाही राहिलं!"

कापूस केव्हाचा लागत होता. सगळ्यांना दिसत होतं. मला सोडून.

मी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेला, सांगत होते. हळू नाही. चांगलं खणखणीत. "हिला महारोग आहे."

मोठ्या बाई मागे सरकल्या. पदर नाकाला लावून म्हणाल्या, "ह्या वस्तीतून दुसरं काय येणार?"

आमची वस्ती बौद्धांची. उत्तर नागपुरातली, जरीपटक्याच्या अलीकडची. छप्पन साली दीक्षा घ्यायला माझे मायबाप गेले होते तेव्हा मी आईच्या कडेवर होते. घरातले देव गेले, आम्ही नवे झालो. मोठ्या बाईंच्या नाकाला मात्र आमचा वास पहिल्यासारखाच येत होता.

माझी आई रामदासपेठेत एका बंगल्यात धुणंभांडी करायची. त्या बंगल्याची मालकीण आणि आमच्या मोठ्या बाई एकाच महिला मंडळातल्या. बातमी आईच्या आधी रामदासपेठेत पोचली. शाळेत येऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आईसोबत गेले होते. फाटकातूनच दिसलं. घरातली सगळी भांडी अंगणात काढली होती, आणि एक नवी बाई त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून राखेनं घासत होती. तीच भांडी आईने आदल्या दिवशी लखलखीत करून पालथी घातली होती.

"हात दाखव," मालकीण पायरीवरून म्हणाली. "उलटे कर. आता सुलटे."

आई फाटकाबाहेर उभी राहून हात दाखवत होती. उलटे. सुलटे. त्या हातांनी त्या घरातल्या बाळंतिणीचे कपडे धुतले होते.

"बाई, पोरीच्या पाठीवर एवढासा डाग हाय. माह्या हाताले काई नाही."

"घरातलं लपवून आमच्या घरात शिरता तुम्ही लोक," मालकीण म्हणाली, आणि आत गेली.

काम गेलं म्हणून आई रडली नाही. परतताना रस्ताभर ती एकच विचारत होती, "त्यायले कोणं सांगतलं वं? आपल्या घरची गोष्ट त्यायले कोणं सांगतलं?" मला उत्तर माहीत होतं. मी गप्प राहिले, कारण डोळे मिटून उभी राहणारी मीच होते, आणि तेव्हा मला वाटायचं की चूक माझीच.

पुढे काही महिन्यांनी शाळेत परत घेतलं, पण वर्गाबाहेर, दाराशी. मधल्या सुट्टीत पोरं टाचणी घेऊन यायची. मागून टोचायची आणि विचारायची, "लागते का?" डागावर टोचलं तर लागत नसे. बाजूला टोचलं तर जीव कळवळायचा. मी दोन्ही वेळा एकसारखाच चेहरा ठेवायला शिकले. ते शिक्षण मला कोणत्याही मास्तरने दिलेलं नाही.

गोळ्या घेतल्या. वर्षानुवर्षं घेतल्या आणि बरी झाले. माझा रोग पसरणारा नव्हताच, हे खूप नंतर कळलं. रामदासपेठेत सांगायला मात्र कोणी गेलं नाही. डाग बधिर राहिला तो राहिलाच. मॅट्रिक झाल्यावर मी महारोगाचंच काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. शाळाशाळांतून जायचं, पोरांची अंगं तपासायची, कापूस लावायचा. माझ्या पाठीवरचं मी तिथे कोणालाही सांगितलं नाही. बोलीही बदलली. मले-तुले गेलं, मला-तुला आलं.

संस्थेतले आमचे डॉक्टर भले होते. रोग्याच्या हाताला हात लावायचे, जखमा स्वतः धुवायचे. म्हणूनच हे सांगणं जड जातं. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही रामदासपेठेतल्या एका शाळेत गेलो. भली मोठी शाळा, गुळगुळीत फरशी. तिथे आम्हाला एक खोली दिली होती. दाराला जाड हिरवा पडदा, बाहेर स्टुलावर शिपाईण. एकेक पोर आत यायचं. डॉक्टर त्याला नाव विचारायचे, खुर्चीवर बसवायचे. "बाळ, सदरा काढू ना?" असं विचारायचे. मी चाट पडले. विचारायचं असतं, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

एका मुलाच्या पाठीवर चट्टा निघाला. कापूस लागला तरी त्याचं बोट हललं नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "आपण काही पाहिलं नाही."

त्याचे वडील वकील होते असं मी इथे लिहिते. ते वकील नसतीलही. डॉक्टरांनी संस्थेची जीप परत पाठवली, कारण जीपच्या दारावर संस्थेचं नाव आणि रोगाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मग आम्ही रिक्षाने त्यांच्या घरी गेलो. नोकराला बाहेर पाठवलं. दार लोटलं. मुलाची आई तोंडात पदर घालून रडत होती. डॉक्टर तिला म्हणाले, "कोणालाही कळणार नाही. ही माझी जबाबदारी. पोराचं आयुष्य आहे."

मी औषधांची पिशवी धरून दाराशी उभी होते. त्या घराचं फाटक आईच्या मालकिणीच्या फाटकासारखंच होतं, पायरीही तशीच. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ह्यांना हळू बोलता येतं! पडदा कसा लावायचा, जीप कुठे सोडायची, आईशी कसं बोलायचं, सगळं येतं. माझ्या वेळी ते कोणाला येत नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. येत होतं. आमच्यासाठी करायचं नव्हतं, एवढंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

त्याच आठवड्यात आम्ही जरीपटक्यापलीकडच्या एका शाळेत गेलो. जीप थेट व्हरांड्याला लागली. रांग उभी होती. पोरांचे सदरे आधीच काढून ठेवले होते. भर थंडीचे दिवस. बघायला बाहेरची माणसं कुंपणाला टेकलेली.

एक पोरगी पुढे आली. तिचं नाव मी सांगणार नाही. तिची आई काय करून पोट भरते तेही मी इथे मुद्दाम बदलते; भाजी विकायची म्हणा. ज्या हातांची भाजी लोक घेतात, त्या हातांबद्दल एक शब्द फुटला की टोपली तशीच घरी येते. पोरीने डोळे मी सांगायच्या आधीच मिटले. पुढच्या पोरांचं बघून तिला ठाऊक झालं होतं. रांग पुढे झुकली.

माझ्या हातात कापूस होता. मी मूठ मिटली.

"इथे नाही," मी म्हणाले.

"अगं, अर्धी शाळा उरलीय," डॉक्टर म्हणाले. "पडदे कुठून आणू?"

"परवा होते."

"तिथली गोष्ट वेगळी." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. मला समजावत म्हटलं. "त्या लोकांना समाजात तोंड दाखवायचं असतं."

माझ्या तोंडून माझी बोली बाहेर आली. किती वर्षं दाबून ठेवली होती. "मंग ह्या पोरीले तोंड नाही काय, डॉक्टरसाहेब?"

मी वर्गातली सतरंजी उचलली आणि दाराला बांधली. पोरीला आत घेतलं. "डोळे उघड वं," म्हटलं. "आधी पाहून घे इथे कोण हाय ते. मी हावो. दुसरं कोणी नाही. आता मीट."

मी तिच्या दंडावरच्या फिकट चट्ट्याला कापूस लावला. तिचं बोट तयार होतं, हवेत. ते तसंच राहिलं. मग उरलेल्या सगळ्यांना मी एकेक करून तसंच आत घेतलं, म्हणजे कोण सापडलं ते बाहेर कळू नये.

बाहेर हेडमास्तर वाटच पाहत होते. "सापडलं ना कोणी? नाव सांगा. माझी शाळा आहे."

"नाही सांगत."

"बाई, बाकीच्या पोरांचं काय? मला नाव पाहिजे."

"बाकीच्यांना धोका नाही. औषध चालू होईल, तुमच्या शाळेत नाही, दवाखान्यात. डॉक्टरांना मी तिथे सांगीन."

हेडमास्तरांनी रांगेकडे नजर फिरवली. एकेका पोरीवर थांबत. म्हणाले, "ठीक आहे. मी शोधून काढतो." गावात साप निघाला म्हटल्यावर लोक काठी शोधतात, तशी ती नजर होती. मी घाबरले. खरंच घाबरले.

जीपजवळ डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आला. तोच रामदासपेठेचा आवाज. "परवाचं ते... तू कुठे बोलणार नाहीस ना? तू रागावलीस, म्हणून विचारतो."

तेव्हा मला कळलं की माझ्या हातात काय आहे. एका पानठेल्यावर एक शब्द, की संध्याकाळपर्यंत रामदासपेठेत भांडी अंगणात येतील. मालकिणी एकमेकींना हात दाखवतील. उलटे, सुलटे. खोटं कशाला बोलू, ते चित्र मला गोड लागलं. त्या मालकिणीचा चेहराही मी त्यात बसवून पाहिला.

मग त्या मुलाचं बोट आठवलं. तेही हवेतच राहिलं होतं.

"नाही बोलणार," मी म्हणाले. "तुमच्यासाठी नाही, वकिलासाठी नाही. तो पोरगा लहान आहे म्हणून."

संध्याकाळी मी पायी त्या पोरीच्या घरी गेले. तिच्या आईने मला दारात पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. काय झालं, हे तिने विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "तुमाले येताना कोणी पाह्यलं काय जी?"

मी सगळं समजावून सांगितलं. बरं होतं, मी म्हटलं. गोळ्या मी घेऊन येत जाईन, भाजी घ्यायच्या निमित्ताने. ती हात जोडून म्हणाली, "शाळेत नका सांगू. तिच्या मोठ्या बहिणीचं जमून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या शाळेत गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं. हेडमास्तर व्हरांड्यात होते. पोरींची रांग लावली होती, बाह्या वर करायला लावल्या होत्या, आणि ते छडीच्या टोकाने एकेक दंड उलटून बघत होते. ती पोरगी मधे कुठेतरी होती. तिने बाही घट्ट धरून ठेवली होती. कोणाचंही लक्ष जाईल इतकी घट्ट. हेडमास्तर तिच्यापासून थोडेच दूर होते. कुंपणाला माणसं टेकलेली.

मी रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला नाव पाहिजे होतं ना? माझं घ्या."

मी पदर बाजूला केला आणि ब्लाऊजची बाही खांद्यावरून खाली ओढली. त्यांच्याकडे पाठ केली. मग पिशवीतला कापूस काढून त्यांच्यासमोर धरला.

"मी चौथीत होते तेव्हापासून हाय हा. लावा कापूस, मास्तर. डोळे मी मिटणार नाही."

ते मागे सरकले. हुबेहूब मोठ्या बाईंसारखे. छडी हातातून पडली तरी उचलायला वाकले नाहीत. व्हरांड्यात कोणी हसलं नाही. मी मान वळवून कुंपणावरच्या एकेका माणसाकडे पाहिलं, आणि तो खाली बघू लागेपर्यंत पाहत राहिले. मागे पोरींनी आपापल्या बाह्या खाली केल्या.

त्याची किंमत मी दिली. घरमालकाने महिना संपायच्या आत खोली सोडायला सांगितली. सामान बाहेर काढल्यावर त्याने खोलीला चुना मारला. संस्थेने मला शाळांतून काढलं आणि दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायला बसवलं. माझ्या लग्नाचं जिथे बोलणं चाललं होतं तिथून निरोप आला, की राहू द्या. त्या व्हरांड्यात पुन्हा रांग लागली नसेल, असंही मी म्हणत नाही. दुसऱ्या कुठल्या व्हरांड्यात आजही लागत असेल. माझी आई जाईपर्यंत विचारत राहिली, "त्यायले कोणं सांगतलं वं?"

मला अजूनही लोक विचारतात. कोण होती ती पोरगी? तो वकिलाचा पोरगा कोण? आता सांगायला काय हरकत आहे, इतकी वर्षं झाली. विचारताना त्यांचे डोळे चमकतात. मला ती चमक ओळखू येते. व्हरांड्यातल्या रांगेत ती मी पाहिलेली आहे.

ज्यांना नाव पाहिजे त्यांनी माझं घ्यावं. ते माझं आहे, मी ते चौकात उभी राहून ओरडून सांगीन. ती दोन नावं त्या दोन लेकरांची आहेत. ती माझ्यासोबत सरणावर जातील.