एक मिनिट चाळीस सेकंद

डॉर्सी स्टिडम सहा फूट आठ इंच उंच झाला, आणि एवढ्या लांबलचक माणसाचं काय करायचं ते आमच्या रॅटलर फोर्क गावाला एकच ठाऊक होतं. खाणीत तो मावला नसता. तिथलं छत जेमतेम चार फुटांवर; त्याचा बाप हार्व बावीस वर्षं गुडघ्यांवर रांगत त्या छताला आधाराच्या सळ्या ठोकत होता. पोरगं सातवीत असतानाच दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागलं, तेव्हा गावानं परस्पर ठरवून टाकलं की हा बास्केटबॉल खेळणार. त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की त्याला पूल बांधायचे आहेत. आमचा पूल दर तीन-चार वर्षांनी पुरात जायचा आणि सरकार दर वेळी तसलाच कुचकामी पूल पुन्हा बांधून द्यायचं. डॉर्सीला याचा लहानपणापासून राग होता.

केंटकी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजनं त्याला शिष्यवृत्ती दिली ती उंचीसाठी. त्यानं सही केली ती स्थापत्य अभियांत्रिकीसाठी. दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश होत्या, आणि घोळ तिथेच सुरू झाला. सराव रोज दुपारी दोन ते पाच. प्रयोगशाळेचे तासही दुपारीच. सराव बुडवणं म्हणजे शिष्यवृत्तीवर पाणी सोडणं. कसंही जुळवलं तरी एका सत्रात एकच प्रयोगशाळा जमायची, आणि त्या हिशेबानं पदवीला बरोबर पाच वर्षं लागत होती.

पाच वर्षं मिळायची एकच वाट होती. खेळायची वर्षं चार, आणि शिष्यवृत्तीही तेवढीच. पण पहिल्या वर्षी पोरानं नुसता सराव केला, एकाही सामन्यात मैदानात पाय टाकला नाही, तर ते वर्ष मोजत नाहीत. त्याला रेडशर्ट म्हणतात. एक सेकंद जरी खेळला तरी वर्ष खर्ची पडलं. कोच हॅस्केटनी त्याला पहिल्याच दिवशी रेडशर्ट केलं, आणि डॉर्सीसारखा आनंदानं बाकावर बसलेला खेळाडू त्या कॉलेजनं पाहिला नसेल. तेवीस सामने तो पोशाख घालून बसला.

चोविसाव्या सामन्याला गाव आलं. आमचा न्हावी वेस्टर कोम्ब्स याला दुसऱ्याच्या मुलाचा अभिमान बाळगायची फार हौस. त्यानं चर्चची बस ठरवली, त्रेचाळीस माणसं भरली, तळलेल्या बलोनी सॉसेजची सँडविचेस बांधून घेतली, आणि चार तास डोंगर उतरून सगळी वरात येऊन थडकली. रेडशर्ट वगैरे त्यांच्या डोक्यात शिरणारं नव्हतंच. पोरगं धडधाकट आहे, अंगात पोशाख आहे, मग बसवलंय कशाला?

सामना संपायला एक मिनिट चाळीस सेकंद होते. कॉलेज एकतीस गुणांनी पुढं होतं. वरून हाक आली, "डॉर्सी!" आईचा आवाज. पाठोपाठ त्रेचाळीस जण त्याच्या नावानं बाकडी बडवायला लागले आणि मग अख्खं सभागृह.

"तुझी जत्रा आलीय वाटतं," कोच हॅस्केट म्हणाले.

"हो, कोच."

"उतरायचंय? उतरलास की वर्ष गेलं. तुला ठाऊक आहे."

कोचना काय फरक पडणार होता? पुढच्या वर्षी त्यांना याच्याहून उंच पोरगा मिळत होता. डॉर्सीच्या तोंडात 'नाही' तयार होतं. पण त्यानं वर बघितलं. ते दुखरे गुडघे घेऊन हार्व बाकावर चढून उभा होता. बापाला असं उभं ठेवून डॉर्सीला बसून राहता येईना. तो उठला. त्या शंभर सेकंदांत चेंडू एकदा त्याच्या हाती आला, तो त्यानं लगेच दुसऱ्याला दिला.

"बघितलंस ना?" बसपाशी वेस्टर त्याची पाठ थोपटत म्हणाला, "आम्ही बोंबललो नसतो तर त्या थेरड्यानं तुला जन्मभर बसवून ठेवलं असतं."

"खरंय, वेस्टरकाका," डॉर्सी म्हणाला, आणि त्यांनी दिलेलं सँडविच त्यानं निमूटपणे खाल्लं. कुणाला सांगणार, आणि काय?

पुढची तीन वर्षं म्हणजे दावणीला बांधलेलं ढोर. नाताळात घरी गेला की वेस्टरच्या खुर्चीत बसायचं, मानेवर वस्तरा, आणि वेस्टर नव्या गिऱ्हाइकाला तीच हकिगत रंगवून सांगायचा. डॉर्सीला मान हलवायची सोय नव्हती. अभियांत्रिकी सोड, काहीतरी सोपं घे, असं कोचनी दोनदा सुचवलं. त्यानं दोनदा नकार दिला. तिसऱ्या वर्षी टेनेसीतलं एक कॉलेज त्याला घ्यायला तयार झालं. कॉलेज बदललं की एक वर्ष नुसतं बसवतात आणि ते मोजत नाहीत, म्हणून तिथं पाच वर्षं पुरी झाली असती, फक्त कोचची मोकळीक हवी होती.

"आणि सरावात माझ्या त्या उंच खेळाडूशी झुंजणार कोण?" कोच म्हणाले. "मी झुंजू?"

"कोच, माझी पदवी राहील."

"दार लावून घे जाताना."

परवानगीशिवाय गेला असता तर शिष्यवृत्ती नाही. स्वतःच्या पैशानं शिकायचं तर ते पैसे हार्वनं आणायचे, आणि हार्व आता दोन शब्द बोलला की थांबून श्वास घ्यायचा. डॉर्सी राहिला. रोज दुपारी त्या उंच पोराची कोपरं छातीवर घेत राहिला. चौथं वर्ष संपत आलं तेव्हा सात विषय बाकी होते.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला निरोप घेणारी पोरं आईबापांना घेऊन मध्यभागी चालत जातात, आईच्या हातात गुच्छ देतात, आणि त्या दिवशी पहिल्या पाचांत त्यांनाच उतरवतात. शनिवारची दुपार होती. बस आलीच होती. आधी लाल केसांचा एक पोरगा गेला. "पाच वर्षं आमच्यात राहिलेला," असं माईकवर सांगितलं. मग डॉर्सी. "येत्या मे महिन्यात स्थापत्य अभियंता होणारा, रॅटलर फोर्कचा डॉर्सी स्टिडम!" ते त्यानंच सप्टेंबरात संघाच्या माहितीच्या अर्जावर लिहिलं होतं, काहीतरी मार्ग निघेल या आशेवर. उजवीकडे हार्व ढसाढसा रडायला लागला. डॉर्सीनं त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं.

"आई," तो डावीकडे वाकून म्हणाला, "ते खरं नाही. सात विषय राहिलेत. पदवी नाही मिळत."

समोर फोटोवाला होता. त्याची आई ओपल हसतच राहिली. "मग पुढच्या वर्षी कर."

"पुढचं वर्ष नाही मला. चारच."

"त्या लाल्याला बरी पाच मिळाली."

"तो पहिल्या वर्षी एकदाही उतरला नव्हता."

 तिला हिशेब करायला वेळ लागला नाही.

"आणि तू उतरलास," ती म्हणाली. "आम्ही ओरडलो म्हणून."

"वेस्टरकाकांनी सुरू केलं होतं ते."

"नाही रे. पहिली हाक माझी होती." गुच्छ तिनं छातीशी इतका घट्ट धरला की देठ मोडले. "तीन वर्षं एकटाच घेऊन बसलास होय?"

खाणीतल्या यंत्रांनी हार्वचा डावा कान कधीच घालवला होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. डोळे पुसत त्यानं विचारलं, "पदवी... कुठल्या तारखेला देतात रे? सुट्टी... आधी मागावी लागते."

डॉर्सीनं तोंड उघडलं. ओपलनं त्याच्या कोपराला चिमटा काढला.

"घरी गेल्यावर मी सांगते तुम्हाला," ती हार्वच्या उजव्या कानापाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली. मग वळून हळूच पोराला म्हणाली, "हे मी सांगणार. तू नाही."

पंचांनी शिटी वाजवली. डॉर्सी खेळायला गेला.