कॉमिक्स शिकवणारे शेजारी

अमेरिकेत प्लेनो शहरात आमच्या शेजारी एक अमेरिकन प्रोफेसर राहत. ते कॉलेजात कॉमिक्सचा इतिहास शिकवायचे. ऐंशीच्या दशकात हे सांगितलं की आमची मराठी मंडळी हसायची. ते बोलताबोलता मध्येच थांबत, चष्मा पुसत आणि हवा तो शब्द सापडला की मगच पुढे जात.

एकदा मी त्यांच्या वर्गात जाऊन बसले. त्यांनी स्वतःच्या लहानपणीच्या गावातल्या एका वृद्ध शिक्षिकेला बोलावलं होतं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून या बाईंनी पूर्वी शाळेच्या मैदानात त्या पुस्तकांची होळी केली होती.

“लाज नाही वाटली तुम्हाला?” एका विद्यार्थ्याने फटकन विचारलं.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, “तेव्हा तुम्हाला भीती कशाची वाटत होती?”

“मुलं माझ्या हातून सुटतील, याची,” बाई म्हणाल्या आणि मग बराच वेळ मोकळेपणाने बोलत राहिल्या.

परतताना गाडीत मी विचारलं, “तुम्हाला त्यांचा जरासुद्धा राग नाही आला?”

“त्यांनी जाळलेल्या ढिगात माझीही कॉमिक्स होती,” ते म्हणाले. “त्या मुलाने विचारलं ना, तेच खरं तर मला त्यांना विचारायचं होतं.”