हलव्यासारखे मणी

संक्रांतीची भेटकार्डं मी घरीच करते. विकतच्या कार्डावरचा छापील हलवा बघितला की माझं डोकं फिरतं. माझ्या कार्डावर काळा कागद, आणि त्यावर मोहरीएवढे पांढरे काचेचे मणी, एकेक करून डिंकाने चिकटवलेले. लांबून बघणाऱ्याला हलव्याचे दाणेच वाटावेत. नवरा म्हणतो, "डोळे फोडून घे एकदाचे." घेते म्हणावं.

हा नाद आमच्या अण्णांमुळे, माझ्या वडिलांमुळे लागला. ते फौजेत होते. संक्रांत आली की आई वडूजहून त्यांना कार्ड धाडायची आणि पाकिटात चिमूटभर खरा हलवा घालायची. पोचेपर्यंत त्याचा भुगा व्हायचा. अण्णा सुट्टीवर आले की सांगायचे, भुगा बी गोड लागला.

आई गेल्यावर अण्णांना मी सांगलीला घेऊन आले. त्यांना आठवेनासं झालं होतं. आधी गाव विसरले, मग आई गेलेलीही विसरले. रोज तिची चौकशी करायचे आणि रोज मी काहीतरी थाप मारायचे. डॉक्टर म्हणाले, बरं होण्यातलं नाही, हात गुंतवून ठेवा. मी मण्यांची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. अण्णा मणी लावायचे ते परेडीसारखे सरळ. मधेच मान वर करून म्हणायचे, "बायडे, डिंक संपला की गं." लहानपणापासूनच्या तेवढ्या एका हाकेवर माझा दिवस जायचा. बाकी सगळं विसरोत, मला विसरू नयेत, एवढंच माझं मागणं होतं.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर मी चहा ठेवायला आत गेले. परत येऊन बघते तर वाटी निम्मी रिकामी, आणि अण्णांच्या दाताखाली कचकच वाजतंय.

"अण्णा, थुंका! काच आहे ती!" मी जोरात ओरडले. त्यांच्या तोंडात बोट घालून मणी काढले. हातावर लाल थुंकी आली. राग त्यांचा आला होता की माझा मलाच, देव जाणे.

अण्णा घाबरून भिंतीला टेकले.

"चुकलं, बाई. सणाचा हलवा वाटला. तुमचा हुता व्हय?"

जन्मात त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं. पण त्यांची दुसरी मूठ अजून घट्ट मिटलेली होती. तीही तोंडात जाईल, या भीतीने मी हात पुढे केला.

त्यांनी मूठ छातीशी धरली.

"ह्यो न्हाई देत. राग मानू नका. माझ्या बायडीसाठी राखून ठेवलाय. वाट बघत बसली आसंल पोरगी."

मी हात मागे घेतला.