दहा चिंचोके

नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत मिक्सर, इस्त्री, सायकल, गादी असं काही घ्यायचं निघालं की बायका आधी दुकानात जात नाहीत, चारुशीलाबाई पांढरीपांड्यांच्या ओसरीवर जातात. बाई आलेल्याला पाणी देतात, स्टीलच्या चार वाट्या मांडतात, प्रत्येकीखाली एकेक चिठ्ठी सारतात आणि समोरच्याच्या हातावर मोजून दहा चिंचोके ठेवतात. चिठ्ठीवर काय असेल ते वस्तूप्रमाणे ठरतं: किंमत, टिकाऊपणा, वीज, दुरुस्ती. ज्या गोष्टीचं तुम्हाला जास्त महत्त्व, तिच्या वाटीत जास्त चिंचोके. अकरावा मागायचा नाही. सगळ्यांना सगळंच हवं असतं, पण दहाच चिंचोके हातात आले की भल्याभल्यांना घाम फुटतो.

मग बाई स्वतः चार दुकानं पालथी घालतात. प्रत्येक वस्तूला प्रत्येक बाबतीत पाचपैकी गुण देतात, त्या गुणांना त्या त्या वाटीतल्या चिंचोक्यांनी गुणतात आणि वहीत बेरीज मांडतात. जिची बेरीज मोठी, ती वस्तू घरी आणायची. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेली त्यांची भाची नूपुर एकदा हे बघून म्हणाली, की मावशी, याला आम्ही अल्गोरिदम म्हणतो आणि शिकायला बक्कळ फी भरतो. बाईंनी तिला सांगितलं, काय म्हणायचं ते म्हण, चिंचोके तेवढे डब्यात परत ठेव.

ही अक्कल त्यांना आली ती तीस वर्षांच्या रागातून. एका सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत त्यांनी नोकरी काढली. दरपत्रकं आली की तुलनात्मक तक्ता करायचा, हे त्यांचं काम. तक्त्यात रकाने भरपूर असायचे, पण साहेबाची नजर थेट शेवटच्या रकान्यावर जायची आणि सगळ्यात कमी दर असेल त्याच्यापुढे सही व्हायची. अशाच एका सहीनं आलेली खुर्ची धोंडबा नावाच्या शिपायाखाली महिन्याभरात मोडली. धोंडबा कंबर धरत उठला आणि एवढंच बोलला, "बाई, बसणाऱ्याले कोनं इचारलं होतं का?" चारुशीलाबाईंना ते असं झोंबलं, की निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणातही त्या धोंडबाच्या कमरेविषयीच बोलल्या. त्यांच्या पद्धतीत चिंचोके नेहमी वापरणाऱ्याच्या हातात जातात. पैसे देणाऱ्याच्या नाही.

आणखी एक नियम त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला आहे: चिंचोके कुठे ठेवले ते बघायचं, काहून ठेवले ते विचारायचं नाही. हा नियम त्यांना महागात पडून कळला. गल्लीच्या टोकाच्या रंभाबाईंना मिक्सर घ्यायचा होता. त्यांनी सात चिंचोके 'वजनाला हलका' या वाटीत टाकले. ओसरीवर पाचसहा जणी बसलेल्या, आणि बाईंनी सहज हसत कारण विचारलं. रंभाबाई खाली बघत म्हणाल्या, "एक मयना मोठ्याकडे, एक मयना लहान्याकडे. दर मयन्याले उचलून न्या लागते." मिक्सर चांगला निघाला, पण त्यानंतर रंभाबाई चार महिने त्या ओसरीवर चढल्या नाहीत. बाईंनी स्वतःला माफ केलं नाही ते नाहीच.

एवढ्या हुशार बाईच्या घरातलंच माणूस मात्र या चिंचोक्यांपासून लांब राहत होतं. त्यांचे यजमान मधुसूदनराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, शांत, हसतमुख. ओसरीवर बायका जमल्या की ते पेपर घेऊन आतल्या खोलीत जायचे. कधी बोलावलं तर मान हलवून तुमचं चालू द्या म्हणायचे. बाईंना वाटायचं, यांना हा सगळा पोरखेळ वाटतो.

असं वाटायला कारणही होतं. मागच्या मे महिन्यात, एका दुपारी, लोखंडी कूलर धडधडत असताना, दोघं जेवून आडवे झाले होते. निवृत्तीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिवस खायला उठायचा. छताकडे बघत बाईंनी विचारलं होतं, की मी आता कुणाच्या कामाची राहिली नाही, हो ना? मधुसूदनराव त्यांच्याकडे वळले, छान हसले आणि मान हलवून "हो" म्हणाले. बाई एरवी शब्द खाली पडू न देणाऱ्या, पण त्या दुपारी काही बोलल्या नाहीत. कुशीवर वळल्या. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडणारी बाई गप्प बसली, यावरून किती लागलं ते समजावं. त्यानंतरच त्यांनी ओसरीवर वाट्या मांडायला सुरुवात केली. गल्लीतल्या सत्तावीस घरांच्या वस्तू निवडून झाल्या, पण तो एक "हो" काही पुसला जात नव्हता.

यंदा एप्रिलमध्येच तो लोखंडी कूलर तळातून गळायला लागला. नवा घ्यायचा तर वापरणारी माणसं दोन, म्हणजे दोघांना दहा दहा चिंचोके. बाईंनी जरा कडक आवाजातच सांगितलं, की या वेळी तुम्हालाही बसावं लागेल. मधुसूदनराव मुकाट्याने येऊन बसले. वाट्या आतल्या खोलीतच मांडल्या, चार: थंडावा, पाण्याची बचत, किंमत, शांतपणा.

बाईंनी झटपट थंडाव्यात पाच टाकले, पाण्यात दोन, किमतीत दोन, आणि उरलेला एक शांतपणात. बाहेर पारा पंचेचाळिसावर जात असताना आणखी काय करणार? मधुसूदनरावांनी एक चिंचोका थंडाव्यात ठेवला, एक किमतीत. मग ओंजळीतले राहिलेले आठच्या आठ त्यांनी शांतपणाच्या वाटीत सोडले.

बाईंचं डोकंच फिरलं. हा माणूस उन्हाळ्यात कूलरपुढून हलत नाही, त्याच्या तोंडावरच झोपतो, आणि थंडाव्याला एक? वर्षभर मुरलेलं सगळं उफाळून आलं. चेष्टाच करायची तर नीट करा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना रंभाबाईंचा चेहरा आठवला. त्या थांबल्या. वहीचं पहिलं पान त्यांना पाठच होतं. तरी राहवलं नाही.

"अहो, नियम मोडून राहिली आहे मी," त्या म्हणाल्या. "आठ काहून?"

मधुसूदनरावांनी शांतपणाची वाटी स्वतःकडे ओढली.

"कूलर सुरू झाला की तू काय बोलून राहिली ते मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मी नुसती मान हलवतो. मागचा अख्खा उन्हाळा मी मान हलवण्यात काढला, चारू."

दोन वर्षांपासून कान कमी झाले होते. सांगितलं की लोक ओरडून बोलायला लागतात, म्हणून ते सांगत नव्हते. बाईंना एकेक आठवायला लागलं. नरखेडला बहिणीकडे चार दिवस जाते म्हणून सांगितलं तेव्हाही यांनी मान हलवली होती, आणि संध्याकाळी गल्लीभर बायकोला शोधत फिरले होते. सगळे किती हसले होते. त्याही हसल्या होत्या. बसणाऱ्याला विचारा म्हणून साऱ्या नंदनवनाला शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं कळलं नव्हतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्या उठल्या. पंखा बंद केला, खिडकी लावली आणि खुर्ची ओढून थेट नवऱ्याच्या समोर बसल्या. मग एकेक शब्द सुटा करत त्यांनी तेच विचारलं, "मी आता कुणाच्या कामाची राहिली नाही, हो ना?"

"हे काय भलतंच?"

"मागच्या मेमध्ये विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाले. हसून."

मधुसूदनरावांचा चेहरा पार उतरला. त्यांनी बायकोचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला.

"ओसरीवर तुम्ही बायका काय बोलता ते मला कळत नाही," ते म्हणाले, "म्हणून तुझी वही मी रोज दुपारी वाचतो. पहिल्या पानापासून. रंभाबाईंचा मिक्सर किती किलोचा ते विचार, सांगतो. आणि आठ चिंचोके मी कशासाठी ठेवले, चारू? तुझं बोलणं ऐकायला मिळावं म्हणूनच ना?"

बाई रडल्या. वहीवर थेंब पडू नये म्हणून वही आधी बाजूला सरकवली, आणि मग रडल्या.

बेरीज त्यांनी दुसऱ्या दिवशी केली. एकट्या त्यांच्या चिंचोक्यांवर मोठा लोखंडी कूलर अडतीस विरुद्ध तेहतीस असा जिंकत होता. दोघांचे मिळून मांडले तर प्लास्टिकचा शांत कूलर एकाहत्तर, लोखंडी पंचावन्न. प्लास्टिकचा आला. तो तितकासा थंड करत नाही, आणि हे बाई दिवसातून दोनदा सांगतात. मग कानाच्या डॉक्टरांकडे जाणं झालं, यंत्र घ्यायचं ठरलं. त्या वेळी ओसरीवर दहाच चिंचोके निघाले, आणि ते सगळे मधुसूदनरावांच्या हातात गेले. त्यांनी ते कुठे ठेवले ते बाईंनी वहीत उतरवून घेतलं आणि कारण विचारलं नाही.

यंत्रानेही सगळंच ऐकू येतं असं नाही. पण आता मधुसूदनराव मान हलवत नाहीत. दुपारी कूलर चालू असताना बाई स्वयंपाकघरातून काही बोलल्या की ते पेपर बाजूला ठेवतात आणि मोठ्याने विचारतात, "काय म्हणून राहिली?" आणि ज्यांना ओसरीवर एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येतो, त्या चारुशीलाबाई हात पुसत बाहेर येतात आणि पुन्हा सांगतात.