बाभळीच्या गाठी आणि ट्रकचा जॅक

ह्यांचे आजोबा दरबारच्या पागेत, सासरे पागेत आणि हे मोटारखान्यात. घोडे गेले, मोटारी आल्या, चाकरी तीच राहिली. मग राज गेलं. मध्यभारत प्रांत आला, तोही आठ वर्षांत मोडला, राजधानी भोपाळला गेली, आणि मोटारखान्यातल्या उरलेल्या माणसांना सांगितलं की तिकडे चला. हे म्हणाले, मी उज्जैन सोडणार नाही. फ्रीगंजच्या मागे जागा घेऊन लाकडाची टाल, म्हणजे वखार, टाकली. तेव्हा घरोघर चुली होत्या, लाकूड सगळ्यांना लागायचं.

दोन वर्षं बरी गेली. मग गाडीवरून ओंडका उतरवताना ह्यांच्या खांद्यावर आला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हात छातीच्या वर जाईना. लाकडं फोडणारे दोघे होते, त्यांना भोपाळला बांधकामावर जास्त मजुरी मिळाली, ते गेले. दुसरे मिळेनात.

मग कुऱ्हाड मी घेतली. घरात तीन लेकरं, करणार काय? सरळ लाकूड फुटायचं माझ्याने. पण आमच्याकडे माल सगळा बाभळीचा, आणि बाभळीची गाठ म्हणजे लोखंड. कुऱ्हाड आत जाऊन अडकायची, मग ती काढण्यातच अर्धा तास. तळहाताची साल निघाली की हळद लावून फडकं बांधायचे, परत उभी. गिऱ्हाईक न फोडलेला ओंडका घेत नाही. गाठींचा ढीग वाढत चालला आणि माणसं शेजारच्या टालीवर जायला लागली.

शेजारची टाल मोठी होती. तिचा मालक मिशीवाला, बोलायला गोड. एक दिवस ह्यांना म्हणाला, संक्रांतीपर्यंत विचार करा, टाल मला देऊन टाका, तुम्हाला मी फाटकावर बसवतो, बसल्या-बसल्या पगार. हे 'हो' म्हणायच्या बेतात होते. मी म्हटलं, संक्रांत अजून महिनाभर आहे. इंजिन उघडून परत बसवणारा माझा माणूस दुसऱ्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करणार, ते मला बघायचं नव्हतं.

घरात एक जॅक पडला होता. लढाई संपल्यावर फौजेचं सामान भंगारात निघालं, त्यातला ह्यांनी हौसेने घेतलेला, तेलावर चालणारा. बाटलीएवढा, पण दांडी वरखाली केली की भरलेला ट्रक उचलायचा. मी ह्यांना विचारलं, जो ट्रक उचलतो त्याने लाकूड का नाही फुटणार? हे कोळसा घेऊन फरशीवर आकृती काढायला बसले.

ओळखीचा एक लोहार होता. त्याने भंगारातून गर्डरचे तुकडे आणले, दोन खांब आणि वर एक आडवा, अशी चौकट दगडात पक्की केली. ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीचा पाटा तापवून त्याचं पातं केलं. दोघांचं ठरलं की जॅक वर उलटा टांगायचा, त्याच्या डोक्याला पातं लावायचं, म्हणजे कुऱ्हाडीसारखं वरून खाली येईल. पंधरा दिवस त्यात गेले. दांडी हलवली तर जॅक नुसते आचके देई, बाजूने तेल गळे, पातं इंचभर उतरून थांबे. हे कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, ट्रकखाली हा कधी उलटा ठेवलाच नव्हता, मला काय ठाऊक. उलटा केला की आत हवा धरतो.

मी तिथेच विळीवर भोपळा चिरत होते. डांगर, जुनं, टणक. म्हटलं, "अहो, कुऱ्हाड कशाला करताय? विळी करा. पातं हलत नाही, भोपळा हलतो."

लोहार हसला. "काकी, ये रसोई नहीं है."

पण हे हसले नाहीत. उठून एकाच हाताने जॅक सोडवायला लागले.

पातं वरच्या गर्डरला धार खाली करून कायमचं ठोकलं. जॅक खाली जमिनीवर, जसा ट्रकखाली असतो तसा सरळ. त्याच्यावर लोखंडी पाट, पाटावर ओंडका उभा. दांडी मारली की ओंडका आपणहून पात्यावर चढतो. जॅक वर येतो फक्त वीतभर, म्हणून एकदा दाबून झालं की खाली करायचा, ओंडक्याखाली ठोकळा घालायचा, परत दांडी मारायची. पहिली गाठ फुटली तेव्हा असा आवाज झाला की गल्लीतली कुत्री पळाली. एक ढलपी उडून माझ्या नडगीत घुसली, खूण अजून आहे. दुसऱ्या दिवसापासून ओंडक्याला साखळी गुंडाळायला लागले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारचा मालक आला. ह्यांना म्हणाला, भाऊसाब, मग काय ठरलं? मी दांडी मारत होते, थांबले नाही. तो बघत राहिला. म्हणाला, भाभी, तुमची बाभूळ तरी बरी आहे. माझ्याकडे एक गाठ पडली आहे, तिने दोन कुऱ्हाडींचे दांडे तोडले. ती फुटली तर मानेन.

मी म्हटलं, आणा.

दोन माणसांनी उचलून आणली, चिंचेची होती. साखळी बांधली, पाटावर ठेवली. हे एका हाताने ठोकळे घालत होते, मी दांडी. तीनदा ठोकळा बदलला. मधे वाटलं, चौकटच वाकते की काय, पण लोहाराचं काम पक्कं होतं. मग ती पिळत, कण्हत उघडली आणि दोन्हीकडे कलली. साखळीने धरली म्हणून, नाहीतर मालकाच्या पायावर पडली असती.

तो खाली बसून आतल्या रेषा हाताने बघत होता. टालीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाला, "मेरे यहाँ ऐसी चालीस पड़ी हैं."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पाठवा, गाठीमागे मजुरी घेऊ. पण आणायची तुम्ही, न्यायची पण तुम्ही. आमच्याकडे उचलायला माणूस नाही."

संक्रांत झाली आणि सकाळी सकाळी गाठींनी भरलेली त्याची बैलगाडी आमच्या टालीसमोर उभी राहिली. गाडीवान चहा मागत होता. म्हटलं, आधी गाडी रिकामी कर.